उद्यमबागेतले चलन: मॉडेल काढावे की लिहावे?

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छे परिसरात ओतलेले कास्टिंग ग्राहकाच्या पेटीत बंद होईपर्यंत क्वचितच एका छपराखाली राहते. फौंड्रीतून ते टर्निंगसाठी, म्हणजे लेथवरच्या कामासाठी, एका शॉपमध्ये जाते, तिथून भोके पाडण्यासाठी व्हीएमसी (संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र) असलेल्या दुसऱ्या शॉपमध्ये, पुढे कधी हीट ट्रीटमेंटला तर कधी रंगाला, आणि प्रत्येक फेरीत त्याच्यासोबत एक चलन, म्हणजे मालाची नोंद असलेला कागद, असते. या चलनांचा हिशेब ठेवणारी लहान सॉफ्टवेअरे करून देणे हा माझा व्यवसाय आहे. कोड लिहायला बसण्यापूर्वी या व्यवहाराचे मॉडेल, म्हणजे त्यातल्या वस्तू, क्रम आणि नियम यांची मांडणी, करावे लागते, आणि ते आकृती काढून करावे की मजकूर लिहून, या प्रश्नाचे उत्तर मी बराच काळ केवळ आवडीने देत होतो. ते एकदोन वेळा महागात पडल्यावर दोन्ही पद्धतींची तुलना प्रत्यक्ष कामावरच करून पाहण्याची एक रीत मी बसवली. ती येथे पायरीपायरीने मांडत आहे. तिला साधारण दोन दिवस लागतात, आणि एक कोरा फळा, एक लॅपटॉप, एक घड्याळ व शॉपमधली तीन माणसे एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी: तुलना नेमकी कशाची, हे ठरवावे

आकृती श्रेष्ठ की मजकूर, असा वाद घालताना बहुतेक वेळा दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. मॉडेल डोळ्यांसमोर कोणत्या रूपात येते, हा पहिला प्रश्न. त्या रूपामागचा अर्थ साधनाला कळतो का, हा दुसरा. ड्रॉ डॉट आयओसारख्या आकृत्या काढायच्या साधनात एक चौकट काढली, तर साधनाच्या लेखी ती केवळ चौकट असते; तिच्यात ‘चलन’ लिहिले काय आणि ‘कुंदा’ लिहिले काय, त्याला सारखेच. यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांसाठीच्या प्रमाण भाषेच्या पूर्ण मॉडेलिंग साधनात मात्र तीच चौकट एक क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंची व्याख्या, असतो, तो दहा आकृत्यांत दिसत असला तरी मूळ नोंद एकच असते, आणि तिथे नाव बदलले की दहाही आकृत्यांत ते बदलते.

मजकुराच्या बाजूलाही असेच दोन मजले आहेत. बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या ग्राफव्हिझची डॉट भाषा किंवा २०१४ मध्ये आलेले मर्मेड यांचे काम मजकुरातून चित्र काढून देण्याचे आहे. व्यवहाराचे नियम त्यांना कळत नाहीत. अ‍ॅलॉयसारख्या भाषेत लिहिलेला मजकूर मात्र स्वतःच मॉडेल असतो: आपण घातलेले नियम मोडणारे उदाहरण ते साधन ठरवून दिलेल्या मर्यादेत शोधते आणि सापडले तर चित्र काढून दाखवते. म्हणजे मजकुरातून अर्थाकडे आणि अर्थातून पुन्हा चित्राकडे असा प्रवास तिथे होतो.

तेव्हा कागदावर चार खाने पाडावेत. नुसते चित्र, अर्थ असलेले चित्र, चित्र काढून देणारा मजकूर आणि अर्थ असलेला मजकूर, अशी त्यांची नावे ठेवावीत, आणि आपण ज्या दोन साधनांची तुलना करणार आहोत ती कोणत्या खान्यांत बसतात हे लिहून ठेवावे. प्लँटयूएमएल या मजकुरातून यूएमएलची चित्रे काढून देणाऱ्या साधनात दहा मिनिटांत आकृती झाली आणि मोठ्या मॉडेलिंग साधनात दोन तास लागले, यावरून मजकूर वेगवान असतो असा निष्कर्ष काढणे हे सायकलची तुलना मालट्रकशी करण्यासारखे आहे. दोघांनी वाहिलेले ओझेच वेगळे होते. या लेखात मी मुख्यतः फळ्यावरची किंवा साध्या साधनातली आकृती आणि प्लँटयूएमएल-मर्मेड जातीचा मजकूर यांचा विचार करतो, कारण आपल्या भागातल्या दोन-चार जणांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत प्रत्यक्षात हीच निवड समोर असते.

दुसरी पायरी: नमुना निवडावा आणि तो आधी साध्या मराठीत लिहावा

तुलनेसाठी पाठ्यपुस्तकातले ग्रंथालय किंवा एटीएम घेऊ नये. त्यातले सगळे कठीण कोपरे कोणीतरी आधीच घासून गुळगुळीत केलेले असतात, आणि कोणतीही पद्धत त्यावर चांगलीच दिसते. आपल्या हाताखालचा, ज्यात अपवाद आहेत असा व्यवहार घ्यावा. मी जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाचे, चलन घेतो आणि आकृतीही न काढता, कोणतेही नोटेशन, म्हणजे ठरलेली चिन्हे आणि त्यांचे नियम, न वापरता, तो व्यवहार पुढीलप्रमाणे लिहितो.

फौंड्री ५०० नग चलनासह मशीनशॉपला पाठवते. शॉपच्या दारात इनवर्ड रजिस्टरला नोंद होते आणि मोजणी केली जाते. मोजणीत फरक आला तर तो चलनावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. टर्निंग करताना काही नगांत ब्लोहोल, म्हणजे ओतताना आत राहिलेली पोकळी, उघडे पडते. हे ओतकामाचे रिजेक्शन, त्यामुळे नग फौंड्रीच्या खाती परत जातो आणि तोवर झालेल्या मशिनिंगची मजुरी द्यायची की नाही हे दोघांच्या करारावर ठरते. काही नग गेजमध्ये, म्हणजे माप तपासायच्या साधनात, बसत नाहीत. हे मशिनिंगचे रिजेक्शन, आणि त्याची भरपाई शॉपकडे लागते. चांगले नग एकदम परत जात नाहीत. आज २००, परवा १५०, असे तुकड्यातुकड्याने जातात.

याला कायद्याची एक मुदतही आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कसाठी पाठवलेला माल एक वर्षात आणि भांडवली यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते. ही मुदत आयुक्तांना वाढवून देता येते, पण माल मुदतीत न आल्यास तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा झाला असे मानले जाते. साचे, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना मात्र ही तीन वर्षांची मर्यादा लागू नाही. या एका परिच्छेदात किती अटी दडल्या आहेत ते पाहावे. त्यांतल्या किती अटी आकृतीत मावतात आणि किती मजकुरात, हाच पुढचा सगळा शोध आहे.

तिसरी पायरी: फळ्यावर काढावे

पहिली आकृती हाताने, फळ्यावर आणि माणसांच्या समोर काढावी, संगणकावर नको. संगणकावर काढलेली पहिली आकृती इतकी नीटनेटकी दिसते की समोरचा माणूस तिला हात लावायला कचरतो. खडूच्या रेघेला ते भय नसते. मालक, सुपरवायझर आणि हिशेब पाहणारी व्यक्ती या तिघांना उभे करून प्रत्येकाच्या हातात खडू द्यावा.

येथे दोन प्रकारच्या आकृत्या पुरतात. कोण कोणाला काय देतो आणि कोणत्या क्रमाने, हे दाखवणारी क्रमाकृती, म्हणजे सिक्वेन्स डायग्राम, ही पहिली. आणि माल कोणकोणत्या अवस्थांतून जातो हे दाखवणारी अवस्थाकृती, म्हणजे स्टेट डायग्राम, ही दुसरी. यूएमएलमधली अवस्थाकृती डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या स्टेटचार्टवरून आलेली आहे, आणि त्यांची मुख्य सोय, म्हणजे एका मोठ्या अवस्थेच्या पोटात लहान अवस्था ठेवण्याची, येथे फार उपयोगी पडते. ‘शॉपमध्ये’ या एका चौकटीत ‘मोजणी’, ‘मशिनिंग’ आणि ‘तपासणी’ या तीन अवस्था घातल्या, की ‘एक वर्षाची मुदत संपली’ हा बाण तीन ठिकाणांहून काढावा लागत नाही. मोठ्या चौकटीच्या कडेवरून एकच निघतो.

आकृती चालू असताना आपण स्वतः फार बोलू नये आणि पुढील गोष्टी वहीत टिपाव्यात. कोणती चौकट कोणी कुठे काढली? कोणत्या बाणापाशी सगळे थांबले? कोणी बोट ठेवून ‘आणि मग?’ असे विचारले? माझ्या एका कामात सुपरवायझरने मशिनिंगची चौकट फळ्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात काढली, कारण त्याच्या शॉपमध्ये लेथ खरोखरच मागच्या डाव्या बाजूला होत्या. नोटेशनच्या नियमांत चौकटीच्या जागेला काही अर्थ नसतो, पण वाचणाऱ्याच्या मनात असतो. थॉमस ग्रीन आणि मेरियन पेट्रे यांनी १९९६ मध्ये नोटेशनच्या मोजमापासाठी जे निकष मांडले, त्यांत अशा नियमाबाहेरच्या पण अर्थवाही मांडणीला स्वतंत्र स्थान आहे. जवळ ठेवणे, रांगेत ठेवणे, रिकामी जागा सोडणे या सगळ्यांतून आकृती बोलते, आणि मजकुरातून आपोआप तयार होणाऱ्या चित्रात नेमके हेच सर्वांत आधी हरवते.

आकृतीची खरी ताकद या पायरीवर दिसते ती अशी: जिथून एकही बाण बाहेर पडत नाही अशी अवस्था लगेच नजरेत भरते. आमच्या फळ्यावर ‘ओतकामाचे रिजेक्शन’ ही चौकट अशीच अडकून पडली होती. फौंड्रीच्या मालकांनी ती पाहून एवढेच म्हटले, ‘‘अहो, चलन परत येतंय, नग कुठं येतात?’’ शॉपमध्ये असे नग कोपऱ्यात साचत राहतात आणि वर्ष संपत आले की सगळ्यांना त्यांची आठवण होते, ही गोष्ट लिहिलेल्या परिच्छेदातून कोणाच्याही ध्यानात आली नव्हती.

तिची मर्यादाही याच फळ्यावर दिसते. ‘परत आलेले चांगले नग, दोन्ही रिजेक्शन आणि शॉपमधली शिल्लक यांची बेरीज मोजणीत आलेल्या नगांइतकी असली पाहिजे’ हा नियम कोणत्याही चौकटीत किंवा बाणात बसत नाही. तो शेवटी फळ्याच्या कडेला वाक्य म्हणून लिहावा लागतो. ही अडचण केवळ आपली नव्हे. बूच, रम्बॉ आणि याकोबसन यांच्या मॉडेलिंगच्या पद्धती एकत्र येऊन झालेली यूएमएल १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या मानके ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारली, तेव्हाच तिच्यासोबत ओसीएल ही बंधने लिहिण्याची मजकुरी भाषा होती. आकृत्यांची सर्वांत गाजलेली भाषाही पहिल्या दिवसापासून मजकुराची कुबडी घेऊनच आली, हे मला नेहमी थोडे गमतीचे वाटते.

फळ्याचा फोटो काढावा. तो पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: तेच मॉडेल लिहून काढावे

आता एकट्याने बसावे. फळ्यावरची क्रमाकृती ओळीओळीने लिहावी. प्लँटयूएमएलमध्ये सुरुवातीची आणि शेवटची खुणेची ओळ सोडली, तर मधला मजकूर असा दिसतो:

"फौंड्री" -> "मशीनशॉप" : चलन, ५०० नग
"मशीनशॉप" -> "फौंड्री" : पोच, मोजणीत ४९८
"मशीनशॉप" -> "फौंड्री" : चांगले नग, २००
"मशीनशॉप" -> "फौंड्री" : ओतकामाचे रिजेक्शन, ७
"फौंड्री" -> "मशीनशॉप" : मजुरीचा हिशेब

लिहिताना पहिल्यांदा जाणवते ती मजकुराची सक्ती. फळ्यावर बाण अर्धवट सोडता येतो, येथे प्रत्येक ओळीला दोन्ही टोके आणि मधला निरोप द्यावाच लागतो. दुसऱ्या ओळीतले ४९८ लिहिताना प्रश्न पडला की पुढची सगळी बेरीज ५०० वर धरायची की ४९८ वर, आणि कमी आलेले दोन नग कोणाच्या खाती. फळ्याभोवती उभ्या असलेल्या तीन अनुभवी माणसांपैकी कोणीही हे विचारले नव्हते, कारण हाताने काढलेल्या बाणावर त्यांनी आकडाच लिहिला नव्हता.

अवस्थाकृतीही अशीच उतरवावी, पण त्याआधी तिचा एक तक्ता करावा: आत्ताची अवस्था, घडलेली घटना, अट आणि पुढची अवस्था असे चार रकाने. हा तक्ता स्वतःच एक मजकुरी नोटेशन आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. तो भरताना रिकामी राहिलेली घरे ओरडून सांगतात की ‘तपासणी’ चालू असताना मुदत संपली तर काय होते हे ठरलेलेच नाही. तक्ता भरताना आमची एक मुळातली चूकही सापडली. आम्ही अवस्था चलनाला लावत होतो, आणि एकाच चलनातले २०० नग परत गेलेले, ७ नाकारलेले आणि उरलेले अजून लेथवर, अशी स्थिती असताना चलनाची अवस्था कोणती? अवस्था नगांच्या गटाला असते आणि चलन म्हणजे त्या गटांची बेरीज, हे मान्य झाल्यावर निम्मे बाण पुसावे लागले.

मराठीत लिहिताना येणाऱ्या तीन अडचणी येथेच सांगितलेल्या बऱ्या, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत त्या सापडत नाहीत. पहिली अडचण ऱ्हस्वदीर्घाची आहे. या जातीची साधने नवे नाव दिसले की निमूटपणे नवा सहभागी तयार करतात; एका ओळीत ‘मशीनशॉप’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मशिनशॉप’ लिहिले गेले, तर कोणतीही चूक न दाखवता चित्रात दोन शॉप उभे राहतात. त्यामुळे सगळे सहभागी सुरुवातीलाच एकेका ओळीत जाहीर करावेत, प्रत्येकाला रोमन अक्षरांतले लहान संकेतनाव द्यावे, दिसणारे मराठी नाव अवतरणचिन्हांत ठेवावे आणि पुढे सर्वत्र संकेतनावच वापरावे. दुसरी अडचण मात्रांची आहे: काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडमध्ये अक्षरांहून वेगळ्या वर्गातली चिन्हे असल्याने काही साधने अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले देवनागरी नाव मधेच तोडतात किंवा नाकारतात. तिसरी अडचण फाँटची. चित्र तयार करणाऱ्या यंत्रावर देवनागरीचा योग्य फाँट नसेल, तर जोडाक्षरे सुटी होतात, किंवा रुंदीचा अंदाज चुकून शब्द चौकटीबाहेर सांडतो. साधन निवडण्यापूर्वी ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘र्‍या’ आणि ‘ष्ट्र’ असलेले चार शब्द घालून एक चित्र छापून पाहणे हा पाच मिनिटांचा पण अनेक दिवस वाचवणारा उपाय आहे.

पाचवी पायरी: पाच बदल करावेत आणि घड्याळ लावावे

संपूर्ण तुलनेत ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मॉडेल एकदाच तयार होते पण बदलत अनेकदा राहते. पुढील पाच बदल दोन्ही रूपांत करावेत: ‘मशीनशॉप’चे नाव ‘जॉबवर्कर’ करणे; टर्निंग आणि तपासणी यांच्यामध्ये हीट ट्रीटमेंटचे तिसरे शॉप घालणे; साचे-डाय यांना मुदतीतून वगळणारी अट आणणे; एक अवस्था काढून टाकणे; आणि गेल्या आठवड्यापासून आजवर काय बदलले ते तिसऱ्या माणसाला दाखवणे. प्रत्येक बदलासमोर लागलेली मिनिटे, किती ठिकाणी हात लावावा लागला आणि किती चुका राहिल्या, हे तीन आकडे लिहावेत.

नाव बदलण्यात मजकूर सहज जिंकतो. मधेच नवे शॉप घालताना साध्या आकृतीत उजवीकडची प्रत्येक चौकट सरकवावी लागते आणि बाण पुन्हा जोडावे लागतात, तर मजकुरात दोन-तीन ओळी वाढतात. अट आणण्यात दोघांची बरोबरी होते. अवस्था काढून टाकताना आकृती थोडी पुढे असते, कारण लोंबकळणारे बाण दिसतात; मजकुरात एखादी ओळ नजरेतून सुटली की चित्र काढणारे साधन पुसलेली अवस्था पुन्हा जिवंत करते.

पाचव्या बदलात, म्हणजे फरक दाखवण्यात, अंतर फार मोठे आहे. गिट आणि त्यासारखी फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी साधने ओळीओळीने फरक दाखवतात. मजकुरी मॉडेलमध्ये ‘ही ओळ गेली, ही आली’ असे स्वच्छ दिसते, आणि मालकांनाही ते वाचून सही करता येते. चित्राच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकटीची जागा आकड्यांत नोंदलेली असते, त्यामुळे कोणी आकृती केवळ जरा सुबक केली तरी फाइलच्या कितीतरी ओळी बदललेल्या दिसतात, आणि त्या गर्दीत अर्थाचा एकमेव बदल हरवून जातो. दोन माणसांनी एकाच वेळी बदल केले तर ते जुळवणे आणखी कठीण. गिटमधल्या फाइली ठेवण्याचे संकेतस्थळ असलेल्या गिटहबने २०२२ पासून मर्मेडचा मजकूर थेट चित्र करून दाखवायला सुरुवात केल्यावर अनेकांनी मजकुराची वाट धरली, त्यामागे हीच सोय आहे.

पण येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. एका शॉपमध्ये अवस्थाकृतीची मोठी छापील प्रत इनवर्डच्या टेबलामागे लावलेली होती आणि सगळ्यांना ती सवयीची झाली होती. मी मजकुरात एकच बाण वाढवला, नवे चित्र छापले आणि जुन्याच्या जागी लावले. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर त्यासमोर बराच वेळ उभा राहून म्हणाला की हे आपले नव्हेच. त्याचे खरे होते. प्लँटयूएमएल अवस्थाकृती आणि क्लासच्या आकृत्या मांडण्यासाठी सहसा ग्राफव्हिझचा आधार घेते. ते आधी चौकटींचे थर पाडते, मग प्रत्येक थरातला क्रम बाण कमीत कमी छेदतील असा लावते, आणि त्यामुळे एका नव्या बाणाने संपूर्ण मांडणी उलटीपालटी होऊ शकते. क्रमाकृतीला हा धोका नाही, कारण तिथे सहभागी जाहीर केलेल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे आणि काळ वरून खाली, असे मांडणीचे नियम ठरलेलेच आहेत. मजकुरातून क्रमाकृती निर्धास्तपणे काढावी आणि अवस्थाकृती भिंतीवर लावण्यापूर्वी दोनदा पाहावी, हा नियम मी त्या दिवसापासून पाळतो.

सहावी पायरी: वाचणाऱ्याची परीक्षा घ्यावी, आपली नको

ज्यांनी मॉडेल केले नाही अशा तिघांना दोन्ही रूपे द्यावीत आणि प्रत्येकाला सारखेच पाच-सहा प्रश्न विचारावेत. प्रश्न दोन जातींचे असावेत. ‘मोजणीत नग कमी आले तर सही कोणाची?’ हा एका जागेचा प्रश्न. ‘नग कोणकोणत्या मार्गांनी फौंड्रीत परत येऊ शकतो?’ हा सगळ्या पटाचा प्रश्न. माझ्या पाहण्यात पहिल्या जातीचे प्रश्न मजकुरातून आणि दुसऱ्या जातीचे आकृतीतून लवकर सुटतात. लार्किन आणि सायमन यांनी १९८७ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात याचे कारण दिले आहे: आकृतीत एकत्र लागणारी माहिती एकत्र ठेवलेली असते, त्यामुळे शोधण्याचे श्रम वाचतात. त्याच निबंधाच्या शीर्षकात ‘कधीकधी’ हा शब्द आहे, तो मात्र उद्धृत करणारे बहुधा गाळतात.

आकृती कोणालाही शिकवल्याशिवाय कळते, हा समज या परीक्षेत टिकत नाही. आकृती वाचणे हेही शिकावे लागते आणि नवशिका माणूस अनुभवी माणसाला दिसते तेथे पाहत नाही, हे पेट्रे यांनी १९९५ मध्येच दाखवले आहे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, आयटीआय किंवा डिप्लोमा केलेल्या मुलाला फ्लोचार्ट शिकवलेला असतो आणि त्यात चौकोनी हिऱ्याचा आकार म्हणजे ‘होय की नाही’ असा निर्णय. क्लासच्या आकृतीत तोच आकार ‘एक वस्तू दुसरीचा भाग आहे’ असे सांगतो, भरीव असला तर अधिक घट्ट नाते आणि पोकळ असला तर सैल. एका मुलाने चलन आणि नग यांच्यातल्या त्या हिऱ्यावर बोट ठेवून ‘इथे कोणती अट तपासायची?’ असे विचारले, तेव्हा चूक त्याची नव्हती. डॅनियल मूडी यांनी २००९ मध्ये दृश्य नोटेशनसाठी जे निकष मांडले, त्यांत चिन्हे एकमेकांहून स्पष्ट वेगळी दिसावीत आणि चिन्हाचा अर्थ त्याच्या रूपावरून सुचावा, हे दोन आहेत. शॉपमध्ये लावायच्या प्रतीवर मी म्हणूनच हिरे आणि तुटक रेघा वापरत नाही. रेघेवर ‘चा भाग’ असे मराठीत लिहितो.

सातवी पायरी: तीन भाषांचे ओझे तोलून पाहावे

आपल्या जिल्ह्यात हा निकष इतर अनेक ठिकाणांपेक्षा जड आहे. मालक आणि हिशेबनीस मराठीत बोलतात, बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडून आलेला लेथवरचा कारागीर कन्नड वाचतो, आणि पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या ग्राहकाचा तपासनीस आला की त्याला तेच कागद इंग्रजीत हवे असतात. खानापूर असो, निपाणी असो किंवा चिकोडी, जरा मोठ्या कारखान्यात हीच स्थिती आहे.

साध्या आकृतीत याचा अर्थ तीन प्रती असा होतो, आणि तीन प्रती म्हणजे सहा महिन्यांनी तीन वेगळी मॉडेल. मराठी प्रतीत हीट ट्रीटमेंट येते, कन्नड प्रत जुनीच राहते, आणि कारागीर जुन्या रस्त्याने नग पाठवतो. मजकुरी पद्धतीत याला चांगला उपाय आहे. प्लँटयूएमएलमध्ये एक फाइल दुसरीत आणता येते आणि नावांच्या जागी चले (व्हेरिएबल) वापरता येतात. त्यामुळे रचना, म्हणजे कोण कोणाशी जोडलेले आहे, ती एका फाइलमध्ये फक्त संकेतनावांनी लिहावी; दिसणाऱ्या नावांच्या तीन वेगळ्या फाइली कराव्यात; आणि प्रत्येक बदलानंतर तिन्ही चित्रे एकाच वेळी काढावीत. नवी अवस्था घातली आणि कन्नड नाव द्यायचे राहिले, तर चित्रात संकेतनाव तसेच उघडे दिसते आणि चूक लपून राहत नाही. कन्नड नावे मात्र कन्नड चांगले येणाऱ्या कारागिराकडूनच घ्यावीत. कोशातला शब्द आणि शॉपमधला शब्द यांत अंतर असते, जसे मराठीत ‘नाकारणी’ कोणी म्हणत नाही, सगळे ‘रिजेक्शन’च म्हणतात.

माझ्यापुरते बोलायचे तर, इतर सगळ्या निकषांत बरोबरी झाली असती तरी केवळ या एका कारणासाठी मी रचना मजकुरात ठेवली असती.

आठवी पायरी: मूळ प्रत कोणती, हे आकृतीगणिक ठरवावे

आता हातात मिनिटांचा तक्ता, वाचकांची उत्तरे आणि फळ्याचा फोटो आहे. निर्णय सगळ्या प्रकल्पासाठी एकदम करू नये. क्रमाकृतीची मूळ प्रत मजकुरात असावी, याबद्दल मला शंका उरलेली नाही. अवस्थांची मूळ प्रत चार रकान्यांच्या तक्त्यात असावी आणि चित्र त्यावरून काढावे. डेटाबेसची आकृती, जिची परंपरा पीटर चेन यांच्या १९७६ च्या मांडणीपासून चालत आली आहे, दहा-बारा टेबलांपर्यंत मजकुरातून उत्तम निघते. त्यापुढे आपोआप झालेली मांडणी जाळ्यासारखी दिसू लागते, आणि तेव्हा साधन बदलण्यापेक्षा आकृतीचे विषयवार तुकडे करणे बरे. अनेक विभागांच्या पट्ट्यांतून जाणारी कार्यपद्धती बीपीएमएन या कार्यपद्धतींच्या आकृत्यांसाठीच्या मानकात मांडायची असेल, तर ती आकृतीच्याच साधनात काढावी. त्या मानकाची फाइल मजकूर असली तरी ती यंत्राने वाचायची आहे, माणसाने हाताने लिहायची नव्हे. शॉपच्या जमिनीवरची मांडणी, कोणती लेथ कुठे आणि कच्च्या नगांची पेटी कुठे, ही तर हातानेच काढावी, कारण तिथे जागा हाच अर्थ आहे.

बेरजेचा आणि मुदतीचा नियम क्रमांक देऊन साध्या मराठी वाक्यांत लिहावा, आणि आकृतीत त्या जागी फक्त क्रमांक घालावा. ज्यांचे काम मोठे आहे आणि यंत्रणा अनेक भागांची आहे, त्यांनी सिसएमएल या मोठ्या यंत्रणांच्या मॉडेलिंगसाठीच्या भाषेची दुसरी आवृत्ती पाहावी. तीत मजकुरी आणि आकृतिरूप अशी दोन्ही नोटेशन एकाच मॉडेलची दोन दर्शने म्हणून मुळातच आखलेली आहेत. वीस माणसांच्या मशीनशॉपसाठी मात्र ती फार होते.

शेवटी छापील प्रतीबद्दल. प्रत्येक छापील चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक आपोआप छापला जाईल असे करावे, आणि चित्राशेजारी दोरीने एक बॉलपेन बांधून ठेवावे. शॉपमधली माणसे चित्रावर काट मारतात, बाण वळवतात, कधी फोन नंबरही लिहितात. दर महिन्याला ती प्रत उतरवून त्यावरची प्रत्येक पेनाची रेघ मजकुरात किंवा तक्त्यात उतरवावी, जी उतरवता आली नाही तिच्याबद्दल ज्याने ती ओढली त्याला विचारावे, आणि मगच नव्या तारखेच्या तिन्ही भाषांतल्या प्रती भिंतीवर लावाव्यात.